साडेपाचचा तास

२० जून. शाळा उघडायला सहा दिवस उरले आहेत आणि वेळापत्रक यंदा माझ्या गळ्यात आलं आहे. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले आहे. गणिताच्या बाई एकाच वेळी दोन वर्गांवर जातात आणि खोडून खोडून कागद फाटतो. सोळा वर्षं हे काम शोभा रेवतकर करायची. एप्रिलअखेर ती निवृत्त झाली आणि नरखेडला राहायला गेली. तिचा कागद कधी फाटला नाही.

शोभा भूगोल शिकवायची. वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी, स्टाफरूममध्ये नरखेडची. नागपूरच्या प्रतापनगरात माझ्यापासून तिसऱ्या गल्लीत, नवरा गेल्यापासून एकटीच राहायची. उंची बेताची, वजन सत्त्याऐंशी किलो. हा आकडा तिनेच सगळ्यांना सांगितला होता, कारण तो आता तिच्या एकटीचा राहिला नव्हता.

तिच्या धाकट्या भावाच्या, बंडूच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. नरखेडला त्याचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. डायलिसिससाठी तो आठवड्यातून दोनदा एसटीने नागपूरला यायचा. शोभाची किडनी जुळत होती. डॉक्टर म्हणाले, "आधी बारा किलो उतरवा. तोवर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही."

शोभाने आपल्याकडे बायका करतात तेच केलं. उपास धरले. सोमवार, चतुर्थी, एकादशी. दीड महिन्यात एक किलो वाढलं. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, तुपावर परतलेला बटाट्याचा कीस, आणि दुसऱ्या दिवशी उपास सोडायचा म्हणून गोडाचं. दवाखान्यातून ती थेट शाळेत आली आणि म्हणाली, "उपासानं वजन उतरत असतं त माही माय नव्वद किलोची काहून होती?"

आम्ही हसलो. ती हसली नाही. "मंदा, मी इच्छेवर चालून राहिली होती," ती मला म्हणाली. "इच्छेवर शाळा चालते का वं? तास लावा लागते."

त्या संध्याकाळी तिने वेळापत्रकाचा कोरा तक्ता घरी नेला. पहिला तास पहाटे साडेपाचचा, चालण्याचा. रविवारी दुपारी आठवड्याची भाजी निवडून ठेवायची. कोणत्या दिवशी कोणतं कडधान्य भिजवायचं, तेही लिहिलेलं. रात्रीचं जेवण सातला, एक भाकरी. तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागला. शेजारच्या कॅलेंडरवर लग्नं, वाढदिवस, महालक्ष्म्यांची जेवणं लाल पेनाने गोल केली. पावसाने सकाळचं चालणं राहिलं, तर शाळा सुटल्यावर ती तिसऱ्या मजल्यापर्यंत चार वेळा चढून उतरायची. "तास बुडाला त बदली तास," म्हणायची.

लाल गोलांचं तिने काय केलं, ते मी आमच्या हेडक्लार्कच्या मुलीच्या लग्नात पाहिलं. पंगत बसत होती आणि शोभा पदर खोचून मठ्ठा वाढत होती. मुलीची आई मागे लागली, "शोभाताई, बसा नं आता."

"वाढून राहिली नं मी. या पंगतीचं होऊ द्या."

पुढच्या पंगतीला जिलेबीची परात तिच्या हातात होती. परतताना मला म्हणाली, "वाढणाऱ्या बाईले कोणी आग्रह करत नाही. सातले दोन धिरडी खाऊन आली मी."

सगळं असं सरळ झालं नाही. एकदा मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागे ती सांबारवडी, कोथिंबीर भरून तळलेली वडी, खाताना सापडली. तिसरी होती. मी नुसती पाहत राहिले.

"पाहतं काय? खाल्ल्या," ती म्हणाली. "एक तास बुडाला म्हणून कोणी शाळेले कुलूप लावते का?" दुसऱ्या दिवशी तिने उपासही केला नाही आणि दुप्पट चाललीही नाही. तक्त्यात होतं तेवढंच केलं. तीन महिने काटा हललाच नाही, तेव्हाही तेवढंच. मला रोज म्हणायची, "चल वं सकाळी." मी म्हणायची, माझं वजन ठीक आहे.

अकरा महिने लागले. काटा पंचाहत्तरवर आला आणि डॉक्टरांनी तारीख दिली. तिथली नर्स म्हणाली, "मावशी, तुमची इच्छाशक्ती जबरदस्त आहे."

"ते नव्हती माह्यापाशी," शोभा म्हणाली. "म्हणून त कागद केला."

तारखेला नऊ दिवस असताना बंडूला ताप भरला. संसर्ग रक्तात पसरला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

आम्ही तिघी-चौघी नरखेडला जाऊन आलो. तेरावं आटोपून शोभा शाळेत आली. कोणाच्या तरी नातवाच्या बारशाचे बुंदीचे लाडू आले होते. एका बाईंनी डबा तिच्यापुढे सरकवला. "घ्या शोभाताई. आता कोणासाठी जपायचं?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. शोभाने दोन घेतले आणि दोन्ही खाल्ले.

मग दोन आठवडे समोर येईल ते ती खात राहिली. शाळा सुटली की शिपाई कुलूप घेऊन येईपर्यंत खुर्चीवर बसून असायची. रडताना मी तिला पाहिलं नाही. एका संध्याकाळी तिच्याकडे गेले, तर स्वयंपाकघराची भिंत रिकामी होती.

"तक्ता कुठे गेला?"

"काय करू त्याचं? ज्याच्यासाठी होता तो नाही." तिने माझ्यापुढे चहा ठेवला. तिच्या कपात तीन चमचे साखर पडली. मला समजूत घालता येत नाही, म्हणून मी घातली नाही. चहा पिऊन घरी आले. माझ्या मुलीचे कॅनव्हासचे बूट माळ्यावर होते, ते काढून झटकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी तिचं फाटक वाजवलं. बऱ्याच वेळाने ती गाउनवरच बाहेर आली.

"काहून आली वं?"

"फिरायला."

"तुह्या वजनाले काय झालं?"

"काही नाही. एकटीला कुत्री मागे लागतात."

तिने गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. एकही कुत्रं नव्हतं. "थांब," म्हणून ती आत गेली. साडी नेसून, बूट घालून आली आणि फाटक लावून चालू लागली. दुसऱ्या वळणाला मला दम लागला. तिला लागला नव्हता. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि ती माझ्यासाठी थांबली.