उलटा हात

मुलगी राहते त्या इंग्लंडमधल्या खेड्यातलं चर्च पाहायला गेलो आणि वैतागून बसलो. खिडकीला मध्ययुगातल्या रंगीत काचा आहेत. कुणीतरी कधीकाळी त्या फोडल्या, मग दुसऱ्या कुणी ते तुकडे जमतील तसे बसवले. निळ्या झग्याशेजारी मेंढीचा पाय, दाढीला चिकटून पंख, आणि आशीर्वादाचा एक हात चक्क उलटा, बोटं जमिनीकडे.

"निदान हा हात तरी सरळ बसवायचा!" खिडकीखाली फुलं मांडणाऱ्या बाईंना मी म्हणालो.

"आत वारा येत होता हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यांना आधी भोकं बुजवायची होती."

आपल्याकडे भंगलेली मूर्ती पाण्यात सोडतात आणि मोकळे होतात. इथे ती मोडतोड शेकडो वर्षं डोळ्यांसमोर, वर उन्हात झगमगतेय! माझ्यानं राहवेना. खिडकीकडे पाठ केली, या वयात कमरेत वाकलो आणि पायांमधून पाहिलं.

हात सरळ दिसला खरा. पण आता दाढी, पंख, फुलं, त्या हसणाऱ्या बाई, अख्खं चर्चच उलटं झालं होतं.