बेटावरचा प्रॉम्प्टर

भूतखेत, चकवा, अंगात येणं... असल्या गप्पा निघाल्या की आमच्या घरात सगळ्यात मोठ्यांदा हसणारी मी. अजूनही हसते. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली, आणि दाराला लिंबू-मिरची टांगणाऱ्या शेजारणीशी मी चांगली भांडलेली आहे. तेव्हा हे वाचून कुणी 'म्हातारीला भ्रम झाला असेल' म्हटलं तर मी रागावणार नाही. फक्त एवढंच विचारीन – मग माझ्या यजमानांनाही झाला होता का? आणि तंबूतल्या त्या ऑपरेटरलाही?

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. माझं माहेर पिंपळगाव राजा, सासर मेहकर. माझा थोरला भाऊ वसंतदादा गावातल्या हौशी मंडळींसाठी नाटकं लिहायचा, बसवायचा, आणि प्रयोगाला डाव्या विंगेत बसून प्रॉम्प्टिंगही तोच करायचा. हल्लीच्या मुलांना हे सांगावं लागतं. आमचे नट दिवसभर शेतात नाहीतर दुकानात, पाठांतराला वेळ कुणाकडे? सगळा खेळ प्रॉम्प्टरवर. तो वाक्याचे पहिले दोन शब्द देणार – भावनाबिवना काही नाही, सपाट, घाईघाईत. नटाने वाक्य पकडलं की तो गप्प. नट चुकला की तेच शब्द पुन्हा, जरा खेकसून. नटांनाही इतकी सवय झालेली की विंगेतून जे कानावर पडेल ते डोकं न वापरता बोलून मोकळे व्हायचे.

आमचा हिरो होता खामगावचा मनोहर. दिसायला राजबिंडा, पाठांतराच्या नावाने शंख. डावा कान विंगेकडे कलता केल्याशिवाय त्याला स्वतःचं नावही आठवत नसे, अशी आम्ही त्याची टिंगल करायचो. दादाचा जिवलग मित्र. माझ्या हातच्या कितीतरी भाकरी त्याने आमच्या चुलीपुढे बसून हाणल्या आहेत.

दादाने मग एक नवं नाटक लिहिलं. दीर एका विधवेचं शेत लुबाडतो आणि शेवटी तिच्या पाया पडतो, त्याची गोष्ट. एकेक प्रवेश लिहून झाला की मी भाकऱ्या थापत असताना तो मला ऐकवायचा. "चिमे, ऐक." हे नाव फक्त चुलीपाशी, आम्ही दोघंच असताना, दादाच्या तोंडी. इतरांसाठी मी शांता. ऐकून ऐकून मला ते नाटक तोंडपाठ झालं. त्याचा प्रयोग व्हायच्या आधीच मनोहर ते घेऊन मुंबईला गेला, एका निर्मात्याला दाखवतो म्हणाला. पुढे थेट सिनेमाच आला. कथा, पटकथा, संवाद – मनोहर!

'हे माझं आहे' असं दादा गावभर सांगत सुटला. लोक हसले. नाटक कुणी पाहिलेलंच नव्हतं ना! नाटकमंडळींना मनोहरने सिनेमात काम द्यायचं कबूल केलेलं, त्यामुळे तेही उलटले. "जळून राह्यला बे वसंत्या त्याच्यावर," असं त्याच्या तोंडावर म्हणाले. मला सगळं पाठ आहे म्हणून मी ओरडून सांगितलं, पण चुलीपुढच्या पोरीची साक्ष कोण धरतो? त्याच हिवाळ्यात दादाला विषमज्वर झाला. सिनेमाने त्याला मारलं असं मी म्हणणार नाही. पण तो गेला तो खोटारडा ठरून गेला. हे मी विसरले नव्हते, आणि मला विसरायचंही नव्हतं.

माझं लग्न होऊन मी मेहकरला आले, आणि तिथे काकाजींनी सिनेमाच्या लेखकांचा मेळा भरवला. काकाजी म्हणजे आमच्याकडच्या टुरिंग टॉकीजचे मालक. नट-नट्यांचे सत्कार सगळेच करतात, आपण सिनेमा लिहिणाऱ्यांचा करू, असं त्यांच्या डोक्यात आलं. (लेखक बसच्या तिकिटावर येतो, नटाला मोटार लागते – हे आमच्या यजमानांचं मत.) जागा निवडली पैनगंगेतल्या बेटाची. गावाच्या खालच्या अंगाला नदी फुटते आणि मध्ये बाभळींचं एक बेट राहतं, त्यावर महादेवाची पिंड. थंडीत एका बाजूने गुडघाभरच पाणी असतं. तिथून बैलगाड्यांवर प्रोजेक्टर, जनरेटर, तंबू सगळं पलीकडे गेलं. दुपारी तंबूला आतून काळं कापड लावून सिनेमा, मग बाहेर उन्हात त्याच्या लेखकाचा सत्कार, असा तीन दिवसांचा बेत. दुसऱ्या दिवशी कोण? मनोहर.

"मी जाणार हाय," मी यांना सांगितलं.

"कायले?" हे कोर्टात कारकून, भांडणाला फार भ्यायचे.

"चप्पल हाणाले."

हे हसले. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू गिळलं. "अवं, काकाजीचा पाव्हणा हाय तो. चारचौघात तमाशा करतं काय?"

"माह्या भावाले त्यानं चारचौघातच खोटं पाडलं. मंग?"

मग मला सांभाळायला म्हणून हे सोबत आले.

तंबूत मधोमध दोरी. अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. हे दोरीला खेटून माझ्या शेजारीच बसले. सिनेमा सुरू झाला, पहिलं वाक्य आलं... आणि त्याच्या आधी, पडद्याच्या डाव्या बाजूने, त्याच वाक्याचे पहिले दोन शब्द आले. सपाट. घाईघाईत. मला वाटलं, पाठ आहे म्हणून माझ्याच डोक्यात वाजतंय. दुसरं वाक्य – तेच. तिसरं – तेच. आधी दोन शब्द, मग पडद्यावरचा नट.

यांनी दोरीखालून माझा हात धरला. "पडद्यामागं कोण बोलून राह्यलं व?"

म्हणजे ते माझ्याच डोक्यात वाजत नव्हतं. पुढे बसलेली मंडळी "आवाज! आवाज!" म्हणून ओरडायला लागली. ऑपरेटरने सिनेमा थांबवला, स्पीकर ठोकून पाहिला, पडद्यामागे चक्कर मारून आला. "कोणीच नाही बाप्पा तिथं. नुस्ती नदी हाय," असं म्हणून त्याने पुन्हा रीळ सुरू केलं, पण त्याचा चेहरा उतरला होता.

शेवटचा प्रवेश आला. दादाच्या नाटकात दीर पाया पडतो तेव्हा ती बाई म्हणते, 'उठा भाऊजी. माफ करणार नाही मी.' मनोहरने ते बदललं होतं. सिनेमातली बाई डोळे पुसून दिराला क्षमा करते. डावीकडून शब्द आले – "माफ करणार..." पडद्यावरची बाई म्हणाली, "जाऊ द्या भाऊजी, माझ्या मनात काही नाही." पुन्हा आवाज, आता खेकसून – "माफ करणार..." ती आपली रडतेच आहे. तिसऱ्यांदा तो आवाज असा कडाडला की माझ्या शेजारच्या बाईने कानावर हात ठेवले. नट चुकला की दादा असाच चिडायचा.

सिनेमा संपला. बाहेर लख्ख ऊन, बाभळीखाली माईक, काकाजी शाल घेऊन उभे. मनोहर पांढऱ्या शर्ट-पँटमध्ये, गळ्यात हार. तोही तंबूत होताच. त्याने काय ऐकलं देव जाणे, पण हसत होता. मी उजव्या पायातली चप्पल काढली, पदराखाली धरली आणि एका धिप्पाड बाईच्या मागे जाऊन बसले. तो भाषणाला उभा राहिला की उठायचं, असं ठरवलं होतं.

"मित्रहो, हा चित्रपट म्हणजे माझ्या..." एवढं बोलून मनोहर थांबला. आणि त्याचा डावा कान कलता झाला.

या वेळी मला काहीच ऐकू आलं नाही. पण ती मान मी ओळखते. उठायचं मी विसरूनच गेले.

"हा सिनेमा..." तो थांबला. ऐकलं. "हा सिनेमा माझा नाही." आवाजात काही भाव नाही, नुसतं वाक्य. पुन्हा कान कलला. "पिंपळगाव राजाच्या वसंतानं लिहिला." पुन्हा. "मी चोरला. गाव त्याले खोटारडा म्हणत व्हतं, तवा मी गप बसलो." त्याने हाताने स्वतःचं तोंड दाबलं, तर बोटांतून शब्द आले. मग डावा कान दाबला. त्याचाही उपयोग झाला नाही. काकाजींच्या हातातली शाल तशीच राहिली.

आणि मग मनोहर माझ्या दिशेला वळला. माझ्यापुढे ती धिप्पाड बाई, भोवती बायकांची गर्दी. मी त्याला दिसणं शक्य नव्हतं. "चिमे," तो म्हणाला, "चप्पल घाल पायात. काटे हायत इथं."

मी रडले. खोटं कशाला सांगू, त्या रडण्यात आनंदच जास्त होता. इतकी वर्षं मी मनात जे जे रचत होते, त्यापेक्षा हे कितीतरी सरस झालं होतं. परतताना हे पाण्यात थबकून म्हणाले, "तुह्या हातात चप्पल हाय, हे मलेही मालूम नव्हतं व."

बातमी पिंपळगावला पोचायला वेळ लागला नाही. ज्यांनी दादाला हसून घेतलं होतं, ते माझ्या वडिलांच्या ओट्यावर येऊन माना खाली घालून बसले. वडिलांनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

पुढे कुणी म्हणालं, मनोहरचं मन त्याला खात होतं. कुणी म्हणालं, स्पीकर खराब होता. असेल. मग 'चिमे' कुठून आलं? चप्पल कुणाला दिसली? मी विज्ञानाची मास्तरीण, मला याचं उत्तर देता येत नाही.

पण त्या सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहर आमच्या दारात आला, ते राहिलंच. हे कोर्टात गेले होते. तो हात जोडून उभा राहिला. "शांताबाई, मी..." आणि अडकला. डावा कान कलता केला, वाट पाहिली. काहीच नाही. "मी..." मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, तोंड नुसतंच उघडझाप करत राहिलं. कशासाठी आलाय ते मला कळलं. त्याला क्षमा मागायची होती, आणि विंगेतून त्याला ते वाक्य मिळत नव्हतं.

मला कळलंय, हे त्यालाही कळलं. मग त्याने आपला डावा कान माझ्याकडे केला.

'मला माफ' एवढंच मी म्हटलं असतं, तरी पुढचं त्याने पकडलं असतं. त्याच्या कानाकडे मी पाहिलं. मग दार लोटलं आणि आतून कडी घातली. बेटावरचा तो आवाज कुणाचा होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण कडी घालताना माझ्या कानात कुणी काही सुचवलं नव्हतं.