प्रश्न स्वतःवर घेणारे फादर पास्कल

फादर पास्कल रुमाव यांना मी प्रथम भेटले ती प्रवेशाच्या मुलाखतीत. देशात उदारीकरण नुकतेच सुरू झाले होते. हैदराबादेतल्या आमच्या जेझुइट महाविद्यालयात फादर अर्थशास्त्र शिकवत. माझे आडनाव पाहून त्यांनी वसईच्या वळणाच्या मराठीत विचारले, "नल्लकुंट्याला राहतेस. घरी मराठी बोलता की तेलुगू?"

"दोन्ही, फादर. भांडताना उर्दू."

ते मोकळेपणी हसले. मग म्हणाले, "मार्क तर मला दिसतातच. तुला काळजी कशाची वाटते, ते सांग." असे आजवर कुणी विचारले नव्हते. मी काहीतरी जुजबी सांगितले, तरी प्रवेश मिळाला.

त्यांच्या विद्यार्थ्यांनी शनिवारी मलकपेठच्या अंध मुलींच्या वसतिगृहात जाऊन पाठ्यपुस्तके वाचून दाखवावीत, असा त्यांचा नियम होता. पालकसभेत माझे बाबा उभे राहिले. "फादर, कोठीच्या बाजारात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघालेत. पोरांनी शनिवारी तिकडं जायचं की पुस्तकं वाचून दाखवत बसायचं?"

"दोन्ही करू द्या," फादर शांतपणे म्हणाले. "कॉम्प्युटरनं तुमच्या मुलीला नोकरी मिळेल, आणि ती मिळायलाच हवी. पण शेजारच्या माणसावर अन्याय होतोय, हे ओळखायला ती कुठल्या क्लासात शिकणार?"

बाबांना ते पटले की नाही, कळले नाही. पुढच्या शनिवारी मात्र त्यांनी मला स्कूटरवरून मलकपेठला सोडले.

तिथे मला सईदा भेटली. ती इंटरला होती, म्हणजे आपल्याकडची बारावी. मी भराभर वाचू लागले की ती थांबवायची. "आपा, खाली पढ़ो नक्को, समझाके बोलो." नुसते न वाचता समजावून सांगायचे म्हणजे आधी मला समजायला हवे. अर्थशास्त्र मी खऱ्या अर्थाने शिकले ते तिच्यामुळे.

पुढे सईदाने आमच्याच महाविद्यालयात अर्थशास्त्रासाठी अर्ज केला. प्रवेश समितीतले काही प्राध्यापक कचरले. हिला आलेख कसे कळणार, असे त्यांचे म्हणणे. फादर म्हणाले, "आलेख कसे शिकवायचे हा प्रश्न माझा आहे. तो तिच्या माथी का मारता?"

तिला प्रवेश मिळाला. फादर पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून मागणी-पुरवठ्याच्या रेषा तयार करू लागले. पुठ्ठा तिच्या हाती देण्यापूर्वी स्वतः डोळे मिटून त्यावरून बोट फिरवीत. कुठे चुकले तर सुतळी उपटून पुन्हा चिकटवीत. हे काम त्यांनी कधी कुणावर सोपवले नाही.

एवढे करूनही पहिल्या वर्षी सईदा एका विषयात नापास झाली. तिने सांगितलेली आकृती लेखनिकाला नीट काढता आली नव्हती. निकालादिवशी ती माझा हात धरून फादरांच्या खोलीत आली. "छोड़ देती मैं, फादर. मेरे बस का नहीं है."

फादरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले. मग त्यांच्या मोडक्या दख्खनीत म्हणाले, "छोड़ना है तो छोड़ो बेटा. मगर आज नक्को. रोते-रोते फैसला करना नहीं. मन ठंडा हुआ तो आके बोलो. जो बोलेंगी, मैं मानूँगा."

निराशेत असताना मोठा निर्णय घेऊ नये, ही जेझुइट परंपरेची जुनी शिकवण आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या दिवशी एवढेच जाणवले, की निर्णय तिचाच आहे, असे मानणारे कुणीतरी तिच्यासमोर बसले आहे. आठवडाभराने सईदा आली आणि म्हणाली, "नया पुठ्ठा बनाओ, फादर." आज ती सरकारी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते.

मी कॉम्प्युटरच्या क्षेत्रात गेले. पुढे मंदी आली, आणि माझ्या हाताखालच्या एका सहकाऱ्याला कामावरून कमी करा, असा वरून आदेश आला. मी फादरांना फोन केला. त्यांनी उपदेश केला नाही. फक्त विचारले, "त्याच्याशी बोललीस?" दुसऱ्या दिवशी मी त्या सहकाऱ्याशी बोलले. त्याला दुसरे काम जमण्यासारखे होते, हे त्या बोलण्यातून कळले. वरिष्ठांशी वाद घालावा लागला, पण त्याची नोकरी राहिली. या शिक्षणाचा फायदा काय, असे कुणी विचारले की मला त्या सहकाऱ्याचा चेहरा आठवतो.

फादर आता पंच्याहत्तर वर्षांचे झाले आहेत. गुडघे दुखतात, तरी पहिल्या वर्षाचा वर्ग ते सोडत नाहीत. त्यानिमित्त ठरवलेल्या सत्काराचे सांगायला आम्ही माजी विद्यार्थी गेलो तेव्हा म्हणाले, "करा, पण कुणाचा तास बुडवू नका." म्हणून समारंभ रविवारी ठेवला आहे.

फादरांच्या गुडघ्यांना बळ मिळो, आवाज असाच खणखणीत राहो. आम्हांला सोयीची उत्तरे देणारे पुष्कळ आहेत. जागे करणारे प्रश्न विचारायला फादर आमच्यात दीर्घकाळ असोत.