रॉकेलची रांग आणि कच्ची गवार

त्र्याहत्तरच्या टंचाईत सुरतेत रॉकेलसाठी रांगा लागत. मूळच्या अमळनेरच्या पुष्पाबाई डबा घेऊन तीन-तीन तास उभ्या राहत, कारण लूमवर काम करणाऱ्या त्यांच्या नवऱ्याला, भाईदासला, रोज गरम भाजी लागे. एकदा त्यांचा नंबर आला आणि रॉकेल संपलं. घरात उरलेल्या थेंबांवर त्यांनी भाकरी भाजल्या आणि ताटात कच्ची गवार, मुळा आणि दोडका वाढला.

“हाई काय शे?” भाईदासने विचारलं.

“भाजी. बैल हेच खातो आणि तुमच्यापेक्षा जास्त ओढतो.”

तीन दिवस भाईदास करकर चावत राहिला. चौथ्या दिवशी गवारीची शीर दाढेत अडकून त्याचा गाल फुगला. सुट्टीच्या दिवशी तो स्वतःच रांगेत जाऊन उभा राहिला. दुपारी घामाघूम होऊन परतला, स्टोव्ह पेटवला आणि वांगी फोडणीला टाकली. तिखट जरा जास्तच पडलं.

दारात मुळा खात बसलेल्या पुष्पाबाई म्हणाल्या, “मला तर कच्चंच आवडायला लागलंय. शिजवलेलं हवं असेल, तर रांग तुमची.”

भाईदासने डोळे पुसत मान डोलावली. टंचाई संपेपर्यंत मग रांगेत तोच उभा राहिला.