शेकलेली छाती

मुंबईच्या इस्पितळात माझ्या छातीच्या कॅन्सरला विजेचे शेक दिले, त्याला पाच वर्षं होऊन गेली होती. तरी तिथली कातडी काळी आणि चपलेच्या तळासारखी कडक होती. खोबरेल चोळून चोळून पोलक्यांना खवट वास यायचा. शेकांमुळे त्या बाजूचा हात कायमचा सुजलेला, म्हणून जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातला सिंधी शिंपी उजवी बाही दुप्पट रुंद शिवायचा. मला स्वतःचीच किळस यायची. पण त्याहून जास्त पाहुण्यांची.

आमचं घर अंबरनाथला, शिवमंदिराच्या वाटेवर. शिवरात्रीला महादेवाचं दर्शन झालं की नात्यातल्या बायका घरी यायच्या, दार लोटायच्या आणि म्हणायच्या, "बघू गं, आता कसं दिसतंय." एका वर्षी थोरल्या नणंदबाईंनी बोटाने दाबूनही पाहिलं. मग मोरीत जाऊन साबणाने हात खसाखसा धुतले आणि मगच उपासाच्या खिचडीची बशी उचलली.

पुढच्या शिवरात्रीला त्या पुन्हा आल्या. "पोलकं काढ बघू," म्हणाल्या.

मी साबणाची वडी त्यांच्यापुढे धरली. "वन्सं, आधी हात धुऊन या. बाहेरचे हात मला तिथे चालत नाहीत."