गोगलगायीला सांगितलेलं वाक्य

माझी पदवी खरं तर माझ्या आत्याची. परीक्षा तेवढ्या मी दिल्या. घरी मराठी बोलणाऱ्या, पण नंजनगूडच्या कन्नड शाळेतून आलेल्या मला तिने शहरात, अग्रहार भागातल्या आपल्या घरी ठेवून घेतलं आणि शिलाई मशीन चालवून शिकवलं. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. म्हणून शाळेतली कायम नोकरी सोडून मी ॲनिमेशनपटांचे मराठी संवाद लिहायला निघालो, तेव्हा तिने अबोला धरला. दोन महिने झाले, फोनही उचलत नव्हती.

शहरातल्याच विजयनगर भागातल्या स्टुडिओत मी अजून चाचणीवरच होतो. त्या दिवशी एका वाक्यावर सगळं अडलं. चित्रपटात रागावून गेलेला नातू परत येतो आणि कासवीण आजी मूळ भाषेत एवढंच म्हणते, "उशीर झाला." मी तेच लिहिलं.

"ही आजी आहे की हेडमास्तर?" दिग्दर्शिका म्हणाल्या. त्या पुण्याच्या.

मी बदललं. "किती वाट पाहिली रे तुझी!"

"आता सगळं सांगूनच टाकलंस. तिच्या पोटातलं पोटात राहू दे की! जेवणाच्या सुट्टीपर्यंत दे, नाहीतर उद्यापासून दुसरा लेखक बघते."

काचेपलीकडे आजीचा आवाज देणाऱ्या बाई घड्याळ बघत होत्या. शाळेतली माझी जागा केव्हाच भरली होती. ते दृश्य मी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. आजीची नातवाकडे पाठ. तिच्यासमोर ओंडक्यावर एक गोगलगाय, नुसती शोभेची.

आत्या रागावली की माझ्याशी बोलायची नाही. मशीनवरची मान वर न करता त्या मशीनलाच सांगायची, "ऊटा झाकून ठेवलंय म्हणावं त्याला." मग मी गुपचूप जेवायला बसायचो.

मी घाईघाईने लिहिलं, "जेवण झाकून ठेवलंय म्हणावं त्याला."

"कुणाला सांगतेय ही?" बाईंनी विचारलं.

"गोगलगायीला."

त्या हसल्या नाहीत. पडद्यावरच्या गोगलगायीकडे बघत त्यांनी वाक्य म्हटलं. शब्द कासविणीच्या ओठांशी जुळले.

"माझी आईपण अशीच," दिग्दर्शिका म्हणाल्या. "पुढचं लावा. आणि तू, उद्या वेळेवर ये."

संध्याकाळी हिनकलच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर पत्र लिहिलं. पाकिटावर पत्ता आत्याचा, आत मात्र:

"आत्याच्या शिलाई मशीनला नमस्कार.

तिला म्हणावं, त्याची नोकरी टिकली. तिचंच वाक्य वापरलं, न विचारता. रविवारी दुपारी तो येतोय. बोलली नाही तरी चालेल म्हणावं. जेवण तेवढं झाकून ठेव."