शांतुंगमधली ऑक्टोबर छाटणी

ओहायोत माझं दुसरं वर्ष. असिस्टंटशिप पुढे चालू राहणार की गाशा गुंडाळून तासगावला परत जायचं, हे एका सेमिनारवर ठरणार होतं. विषय प्रोफेसरांनीच दिला: चीनमधला शांतुंग प्रांत, तिथली द्राक्षं आणि वाइन. वाइनचा थेंबही कधी चाखला नव्हता, पण बागायतदाराचा मुलगा म्हणून ते माझ्याच गळ्यात पडलं.

लायब्ररीत सापडलं ते जेमतेम. शांतुंगला समुद्र जवळ, म्हणून थंडी बेताची. तिकडे वायव्येच्या वाळवंटातल्या तुर्फानला हिवाळ्यात वेली मातीत गाडून ठेवतात, तसं इथे करावं लागत नाही. शंभरेक वर्षं वाइन होते. पाऊस मात्र ऐन उन्हाळ्यात, त्यामुळे घड कुजतात. छाटणीचा महिना कुठेच दिलेला नव्हता. म्हटलं, त्यात काय शोधायचंय? ऑक्टोबर छाटणी. आमच्या घरी जन्मभर तीच तर बघत आलोय.

सेमिनारचा दिवस आला. मी 'ऑक्टोबर' म्हणालो आणि प्रोफेसरांचं पेन थांबलं. मागे शांतुंगहूनच आलेले, पन्नाशीचे, द्राक्षांचेच एक संशोधक बसले होते. लॅबमध्ये त्यांचं टेबल माझ्या शेजारी, दुपारचा डबाही आम्ही दोघंच एकत्र खायचो. मनातल्या मनात मी त्यांना चिनी काका म्हणायचो. प्रोफेसरांनी त्यांना विचारलं, "ऑक्टोबर?" काका माझ्याकडे बघून 'हो' म्हणाले.

सुटलो म्हणेपर्यंत काकांनी मला बाहेर गाठलं. "ऑक्टोबरात आम्ही घड तोडतो. थंडीत वेल पानं गाळून झोपली की मग छाटायची, फेब्रुवारीत."

आमच्याकडे वेल झोपतच नाही, पण जगात इतरत्र झोपते, हे या शहाण्याला सुचलंच नव्हतं. वर माझ्यापायी काकाही खोट्यात अडकले. हे उघडकीला आलं तर त्यांनाही परत पाठवतील, ही भीती दोन दिवस डोक्यातून जाईना.

तिसऱ्या दिवशी गेलो आणि प्रोफेसरांना सगळं सांगून टाकलं. काकांनी माझी लाज राखली, तेही. प्रोफेसरांनी सेमिनारचे कागद माझ्यापुढे सरकवले. मग म्हणाले, "शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून आण. असिस्टंटशिप राहील. पण वीस वर्षं द्राक्षं पिकवलेला माणूस ऑक्टोबरला हो का म्हणाला, ते जरा विचार त्याला."

मी लॅबमध्ये येऊन विचारलं. काकांनी मायक्रोस्कोपवरून डोळेही काढले नाहीत.

"तू गेलास तर दुपारी जेवायला माझ्याबरोबर कोण बसणार?"